मामाजींचे कोनाडे

माझ्या सासऱ्यांनी उभ्या आयुष्यात एकही वस्तू जमिनीवर ठेवली नाही, खुंटीला टांगली नाही आणि पेटीत कोंडली नाही. त्यांच्या मते वस्तूची जागा एकच, भिंतीच्या पोटात. आमच्याकडे जावयानं सासऱ्याला मामाजी म्हणायची रीत आहे, म्हणून मीही त्यांना मामाजीच म्हणत आलो. दरेकशाच्या बाजूला, डोंगर सुरू होतो तिथल्या एका खेड्यात त्यांचं मातीचं घर होतं. तीन खोल्या, पुढं सपरी म्हणजे ओसरी, वर कवेलूंचं छप्पर. एवढ्याशा घरात मी एकदा कोनाडे मोजले तेव्हा त्रेसष्ट भरले, आणि चौसष्टावा ते त्याच वेळी माझ्या पाठीमागं खुरप्यानं कोरत होते. नुसतं एवढंच सांगून मला थांबता आलं असतं तर किती बरं झालं असतं. पण या छंदापायी एक चांगला माणूस जिवानिशी गेला, आणि त्यात माझाही हात होता. तेव्हा हसायचं तेवढं आधीच हसून घेऊ.

माझं लग्न ठरलं तेच मुळी कोनाड्यांमुळे. स्वातंत्र्य मिळून वर्ष उलटलं होतं आणि मी गोंदियाला मास्तर म्हणून नुकताच लागलो होतो. मुलीचे वडील मुलाचं घर बघायला आमच्या गावी आले. माझे वडील धानाची शेती, बैलजोड्या, घराणं असं सगळं सांगायची तयारी करून बसले होते. पाहुणे बसलेच नाहीत. टरबूज घेताना वाजवून बघतात तसे बोटांच्या पेरांनी भिंती वाजवत ते घरभर फिरले, आणि मग वडिलांसमोर उभे राहून म्हणाले, "कोनाडे किती आहेत?" वडील गोंधळले. "असतील सात-आठ," म्हणाले. "सातच आहेत. आठवा तुमी बुजवला, देव्हाऱ्याच्या बाजूचा. काऊन बुजवला?" वडिलांनी ओशाळून कबूल केलं की त्यातून उंदीर यायचा. "उंदरासाठी कोनी कोनाडा बुजवते का? मांजर पाळाची होती." मुलाचं शिक्षण, पगार, स्वभाव यातलं काही त्यांनी विचारलं नाही. निघताना एवढंच म्हणाले, "पोरगी देतो. पन तेवढा कोनाडा उघडून ठेवा." माझ्या वडिलांनी तो खरोखरच लग्नाआधी उघडून घेतला. त्यातून पुन्हा उंदीर यायला लागला, आणि माझी आई जन्मभर त्याला 'व्याह्यांचा उंदीर' म्हणत राहिली.

मामाजी रेल्वेत चाबीवाले होते. रोज सकाळी खांद्यावर हातोडा टाकून रुळाच्या कडेनं मैलोन्‌मैल चालायचं, ढिली झालेली चाबी, म्हणजे रूळ धरून ठेवणारी पाचर, ठोकून घट्ट करायची, एवढंच काम. रेल्वेनं त्यांना पक्क्या विटांचं क्वार्टर देऊ केलं होतं. ते बघायला गेले आणि भिंतीला हात लावून परत आले. "खिळा ठोकाची परवानगी नाही म्हनते. मंग ते घर का पिंजरा?" म्हणून त्यांनी हे मातीचं घर स्वतः बांधलं, दीड हात जाड भिंतींचं, आणि त्या ओल्या असतानाच कोरायला सुरुवात केली. दारातून आत शिरताना उजवा हात आपोआप जातो तिथं काडेपेटीचा कोनाडा. चुलीजवळ मिठाचा आणि हळदीचा, मध्ये वीतभर अंतर राखून. छत्रीसाठी उभा सडसडीत, माशाच्या गळाच्या काठीसाठी आडवा लांबट. खाली, जमिनीलगत कोंबडीचा. ती अंडं घालायला दुसरीकडे कुठं कधी गेली नाही. माझ्या सासूबाईंच्या कुंकवाचा आणि फणीचा कोनाडा तेवढा कमानीचा होता, त्याला गेरूची किनार होती, आणि दर पोळ्याला मामाजी ती किनार नव्यानं काढत. दिव्याच्या देवळीतली काजळी मात्र कुणी पुसायची नाही. "दिव्याची जागा त्याच्याच रंगानं काळी होऊ द्या," म्हणायचे.

समोरच्या भिंतीत, सपरीतून दिसेल असा एक मोठा कोनाडा निव्वळ शोभेचा होता. रुळाकडेला सापडलेला, तारेच्या खांबावरचा चिनीमातीचा फुटका पांढरा लट्टू, मोराचं पीस, एकाच बाजूनं निळा असलेला दगड, असल्या चिजा ते त्यात मांडत आणि दर बाजाराच्या दिवशी बदलत. मांडून झालं की समोर उकिडवे बसून चिलीम ओढत बघत राहत. एखादा शेजारी आला की त्यालाही बसवत. शेजारी बिचारा दगडाकडे बघायचा, मग मामाजींकडे बघायचा आणि शेवटी धानाच्या भावाचं बोलायचा.

पत्रांचा कोनाडा वेगळा. मामाजींना वाचता येत नसे, पोस्टमन घाईत पत्र टाकून पुढं जाई, तेव्हा आलेलं पत्र मी येईपर्यंत त्या कोनाड्यात उभं राही. दिवाळीला गेलो की मी चैत्रापासूनची पत्रं वाचून दाखवायचो. त्यात लग्नाची आमंत्रणं असत. ती लग्नं होऊन गेलेली असत, एका वेळी तर नवरीला दिवससुद्धा गेलेले होते. एकदा त्या गठ्ठ्यातून मामाजींच्या मावसभावाच्या मरणाचं पत्र निघालं. वाचून झाल्यावर मी मान खाली घालून बसलो. मामाजी उठले, विहिरीवर जाऊन डोक्यावरून पाणी घेतलं आणि ओल्यानंच आत येऊन म्हणाले, "चला. आमच्या घरी तो तीन महिने जास्त जगला."

सासूबाईंचा या सगळ्यावर फार राग. "हे भित आहे का चाळनी?" असं त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारत. "एखाद्या झडीत घर बसून जाईन अना ह्या बुढ्याचे कोनाडे तेवढे उभे रायतीन." मामाजी शांतपणे सांगत, "भितीले जागा देता आली पाह्यजे. जे भित जागा देत नाही ते भित नाही, आडवी येनारी वस्तू आहे." हे वाक्य त्यांनी मला इतक्या वेळा ऐकवलं की मी ते वर्गात मुलांना नक्कल करून दाखवायचो आणि वर्ग खो-खो हसायचा.

पहिल्या दिवाळसणाला गेलो तेव्हा मामाजींनी मला भिंतीशी पाठ लावून उभं केलं, माझ्या कोपराशी कोळशानं खूण केली आणि काही न बोलता निघून गेले. दुसऱ्या दिवशी जेवून उठलो तर त्या जागी नवा कोनाडा तयार, लिंपून, छुईमातीनं पांढरा करून. "वर चष्मा, खाली पुस्तक. जावईबापूंचा आहे, कोनी हात लावाचा नाही." मी शिकलेला माणूस, मला हे पोरकट वाटलं आणि मी तसं बायकोजवळ बोलूनही दाखवलं. पण खरं सांगायचं तर त्या घरात मला सगळ्यात आवडे तो माझा कोनाडा. माझ्या सख्ख्या बापाच्या घरात माझ्यासाठी एवढी मोजून जागा कुणी कधी केली नव्हती.

हा छंद त्यांना लागला तो बोगद्यात. त्यांच्या हद्दीत डोंगर फोडून केलेला एक लांब बोगदा होता. आत रूळ आणि भिंत यांच्यामध्ये माणूस मावत नाही, म्हणून बांधतानाच भिंतीत ठरावीक अंतरावर माणूस उभा राहील एवढे कोनाडे सोडलेले होते. गाडी आली की जवळच्या कोनाड्यात शिरायचं, पाठ आत टेकवायची, नाकाला शेला लावायचा आणि गाडी जाईपर्यंत श्वास धरायचा. मामाजी वीस-बावीस वर्षं दिवसातून दोनदा असे भिंतीत शिरत आले होते. एकदा मला ते दाखवायला घेऊन गेले. गाडी आल्यावर त्यांनी मला कोनाड्यात ढकललं आणि माझ्या छातीवर आडवा हात धरून स्वतः शेजारी चिकटून उभे राहिले. गाडी गेल्यावर मी मटकन खाली बसलो. मामाजी माझ्या पाठीवरची माती झटकत म्हणाले, "पाह्यलं? भितीनं जागा देली म्हून जगलो."

बोगद्याच्या मध्यावरचा एक कोनाडा मात्र त्यांनी आपला करून टाकला होता. इतकी वर्षं ज्या कोनाड्यानं आपल्याला जागा दिली त्यात आपण चार वस्तू ठेवू नयेत, हे त्यांना जमण्यासारखंच नव्हतं. तिथं तेलाची बाटली, झेंड्या, पाण्याचं मडकं, पोत्याचं बसकण, देवाची एक तसबीर आणि वाळल्या काटक्यांची मोळी असा संसार थाटलेला होता. त्यांच्याबरोबर बत्ती धरून चालायला फागू नावाचा गँगमन असे, पलीकडच्या जंगलातल्या गावचा गोंड माणूस, अंगानं आडवा, बोलायला हळू. तो मामाजींना बाबा म्हणे. त्या दिवशी तो मला ऐकू जाईल असं म्हणाला, "बाबा, तुमी याचे पन घर करून टाकले. गाडी आली त मी का देवाच्या मांडीवर बसू?" मामाजी म्हणाले, "चाळीस पावलावर दुसरा आहे ना!" आम्ही तिघंही हसलो. बोगद्यात हसणं फार मोठ्यानं ऐकू येतं.

मी नुसता हसलो असतो तरी निभावलं असतं. पण मामाजी कुरकुरले की बोगद्यातल्या ओलीनं तसबिरीला बुरशी लागते, तेव्हा मला त्यांच्यासाठी काहीतरी करावंसं वाटलं. शाळेत पुस्तकं भरून आलेली एक लाकडी पेटी अडगळीत पडली होती, उभी केली तर मांडीच्या वर येईल एवढी. मी ती पॅसेंजरनं दरेकशाला पाठवून दिली. पेटीचा मामाजींना तिटकारा, पण जावयानं पाठवलेली. त्यांनी त्यातूनही वाट काढली. "उभी केली का पेटीचा पन कोनाडाच होते," असा निरोप मला आला. डोक्यावरून ती त्यांनी बोगद्यात नेली, दोन्ही बाजूंनी पाचरी मारून घट्ट बसवली आणि सगळा संसार तिच्यात मांडला. पुढच्या भेटीत मला सांगताना त्यांचा चेहरा फुलला होता. मीही खूष झालो. आपल्याला मान देणाऱ्या माणसाला हवी ती वस्तू देता आली की कोण खूष होत नाही?

त्यानंतर वर्षभरानं, भर हिवाळ्यात, ते घडलं. सकाळची पॅसेंजर बोगद्यातून नुकतीच गेली होती आणि आत धूर कोंडला होता. मामाजींना खोकल्याची उबळ आली म्हणून ते बोगद्याच्या तोंडाशी थांबले. फागू बत्ती घेऊन पुढं गेला. धूर विरायच्या आत पलीकडून मालगाडी आली. फागूला धुरात काही दिसत नव्हतं, पण त्याच्या हाताला, पायाला आणि अंगाला एकच कोनाडा पाठ होता. पेटी येण्याआधी रोज जिथं बाबाच्या शेजारी टेकायचा तिथंच तो धावला. मामाजी आत पोचले तेव्हा गाडी निघून गेली होती. मडकं, मोळी, पोतं सगळं बाहेर फेकलेलं होतं. तेवढा वेळ त्याला मिळाला होता. पेटी मात्र जागची हलली नव्हती, आणि तिच्या कडेला फागूच्या बोटांचे ओरखडे होते.

मामाजींनी त्या वेळी काय केलं ते त्यांनी स्वतःच मला सांगितलं. त्यांनी आधी फागूचं डोकं मांडीवर घेतलं. तो गेलेला आहे हे कळल्यावर त्यांनी त्याच्या अंगावर आपला शेला घातला, उठले, हातोड्यानं पेटी फोडली, फळ्या आणि फेकलेलं सामान पोत्यात भरलं आणि बोगद्याबाहेरच्या झुडपात टाकून दिलं. मग स्टेशनावर वर्दी दिली. लोक आले तेव्हा कोनाडा स्वच्छ होता. चौकशीला आलेल्या साहेबाला प्रश्न पडला की रिकामा कोनाडा हाताशी असताना हा माणूस मेला कसा. कुणीतरी म्हणालं, जंगलातला माणूस, मोहाची घेऊन आला असेल. साहेबाला ते पटलं. कामावर प्यालेला होता, असं कागदावर लिहिलं गेलं. फागूचा थोरला मुलगा लग्नाच्या वयाचा होता, बापाच्या जागी त्याला गँगमध्ये घेतील अशी सगळ्यांची समजूत होती. आता दारुड्याच्या मुलाला कोण घेणार? आणि फागूनं तर लग्न झाल्यापासून मोहाच्या थेंबाला बोट लावलं नव्हतं. आख्ख्या गँगमध्ये तो एकटाच तसा, म्हणून लोक त्याची चेष्टा करत.

आठ दिवसांनी मामाजी गोंदियाला माझ्या दारात उभे. खांद्यावर झुडपातून उचलून आणलेलं ते पोतं. माझी बायको पाणी आणायला आत गेली तेव्हा त्यांनी पोतं माझ्यापुढं रिकामं केलं. आमच्या शाळेचं नाव असलेली फळी वरच आली. "पेटी निंगाली नाही, जावईबापू. मी घट्ट बसवली होती ना." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तुमी शिकलेले आहा. सांगा काय करू."

मी मास्तर. रोज सकाळी साठ पोरांकडून 'खरे बोलावे' हे फळ्यावरून उतरवून घेणारा. मी काय सांगितलं? मी म्हणालो, मामाजी, गप्प राहा. नोकरी जाईल, वर खटला होईल, या वयात कुठं जाल? गेलेला माणूस काही परत येत नाही. हे सगळं मी मोठ्या समजूतदार आवाजात सांगितलं. त्या फळीवर माझ्या शाळेचं नाव होतं म्हणून मला माझी नोकरीही दिसत होती, हे मात्र सांगितलं नाही. मामाजींनी सगळं ऐकून घेतलं आणि मान डोलावली. त्यांचा माझ्या शिक्षणावर फार विश्वास होता. ते गेल्या पाठोपाठ मी त्या फळ्या चुलीत घातल्या.

मग सासूबाईंचे निरोप यायला लागले. बुढ्याचं डोकं फिरलं, लवकर या. मी गेलो तर मामाजी माती तुडवत होते. घरातले कोनाडे ते एकेक करून बुजवत सुटले होते. मिठाचा गेला, हळदीचा गेला, छत्रीचा गेला. शोभेच्या कोनाड्याच्या जागी ओल्या मातीचं लिंपण होतं आणि मोराचं पीस अंगणात पडलं होतं. सगळा संसार जमिनीवर आला होता. पाऊल टाकायला जागा नव्हती. कोंबडी अंडं घालायला जागा शोधत घरभर ओरडत फिरत होती आणि शेवटी तिनं ते माझ्या उघड्या पिशवीत घातलं. एरवी आम्ही पोट धरून हसलो असतो. सासूबाई कपाळाला हात लावून म्हणाल्या, "वीस वर्सं मी म्हनत होतो का बुजवा, बुजवा. आता बुजवून रायले त पाहावत नाही जी." त्यांचा कुंकवाचा कोनाडाही गेला होता. कुंकवाचा करंडा त्यांनी पदराच्या गाठीत बांधून ठेवला होता.

माझा कोनाडा तेवढा उघडा होता. मी विचारलं, "हा का ठेवला?"

"हा माझा नाही," मामाजी हात न थांबवता म्हणाले. "तुमचा आहे. ठेवाचा का बुजवाचा, तुमी पाहा."

संध्याकाळी त्यांनी हातपाय धुतले, माझ्यासमोर बसले आणि म्हणाले, "कागद काढा. साहेबाले अर्ज लिहाचा आहे." मी पुन्हा नोकरीचं काढलं. या खेपेला त्यांनी मान डोलावली नाही. "चार महिने झाले. फागूची बायको बाजारात भेटते त लोकं तिच्याकडं पाहून हसते. पोरगा पाटलाकडं ढोरांची गोवारी करून रायला. तुमी म्हनले गप्प राहा, रायलो. आता नाही होत." मी कागद काढला. मी लिहिलं, सदर कोनाड्यात काही सामान ठेवलेले होते. "वाचा," मामाजी म्हणाले. मी वाचलं. "'काही' कायले लिहता? अना 'ठेवलेले होते' म्हंजे कोनं ठेवलं, गाडीनं? लिहा, मी ठेवलं." मी खोडून लिहिलं. "अना पयले हे लिहा का फागू पिऊन नोहता. ते वर. माझं मागून." मी नवा कागद घेतला. मडकं, मोळी, पोतं, तसबीर, एकेक वस्तू त्यांनी नाव घेऊन सांगितली, जशी कधी काळी कोनाड्यात मांडली होती तशी, क्रमानं. मग पेटी आली आणि माझा टाक थांबला. मामाजींनी बराच वेळ माझ्या हाताकडे पाहिलं.

"लिहा, लाकडाची पेटी," ते म्हणाले. "कोनाची ते लिहू नका. ठेवली मी."

पेटी कोणाची ते मी लिहिलं नाही. अर्जाखाली त्यांचा अंगठा घेतला, साक्षीदार म्हणून माझी सही केली आणि शाई वाळेपर्यंत फुंकर मारत बसलो.

मामाजींची नोकरी गेली. साहेब मनानं वाईट नसावा, खटला वगैरे त्यानं केला नाही. फागूच्या नावावरचा शेरा निघाला आणि पावसाळ्यानंतर त्याचा मुलगा गँगमध्ये लागला. ही बातमी पक्की झाल्यावर मामाजी मला म्हणाले, "चला, आता फागूच्या घरी जाऊ." आधी का नाही गेलात, असं मी विचारलं. "आधी जाऊन काय सांगत होतो? चूक माझी, अना भोगा तुमी?"

तीन कोस जंगलातून चालत आम्ही गेलो. फागूची बायको अंगणात उन्हाळ्यात साठवलेली मोहाची फुलं पुन्हा उन्हात घालत होती, बाजाराला विकायची. आम्हाला बघून तिनं डोक्यावर पदर घेतला आणि खाट टाकली. मामाजी खाटेवर बसले नाहीत, जमिनीवर बसले, आणि त्यांनी सगळं सांगितलं. कोनाडा भरलेला होता, आपल्याच सामानानं. तो सामान फेकत होता. पेटी निघाली नाही. आपण ते लपवलं. ती ऐकत असताना तिचा हात फुलांवरून फिरत राहिला. मामाजींचं संपलं. मग तिनं विचारलं, "ते पिऊन नोहते ना?"

"नाही, बाई. कधीच नाही."

"मले मालूम होते," ती म्हणाली. "पन कोनी म्हनत नोहते." मग ती उठली आणि आतून पाण्याचा लोटा घेऊन आली. मामाजी हात पुढं करेनात. "घ्या बाबा, पानी प्या. इतके दूर चालून आले तुमी," असं म्हणून तिनं लोटा त्यांच्या ओठांना लावला. मामाजी ते पाणी पिताना रडत होते. मग तिनं लोटा माझ्यापुढं केला. बाबांना इतक्या लांब सोबत करून आणणारा भला जावई, असं तिच्या चेहऱ्यावर सरळ दिसत होतं. बोलायची वेळ ती होती, आणि मला ते कळत होतं. मी पाणी प्यालो आणि लोटा परत दिला.

परत येताना एका बांधावर मामाजी टेकले. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं तेव्हा त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "एका दिवशी तिनं किती आयकावं, जावईबापू? तुमचं तुमी सांगजा, कधी वाटलं त." त्यात टोमणा नव्हता. टोमणा मारणं त्यांना येतच नसे. त्यांनी मला नुसती मुदत दिली होती.

त्यानंतर मामाजी चार वर्षं जगले. भिंतीत पुन्हा काही कोरलं नाही, पण सासूबाई फारच मागं लागल्या म्हणून कुंकवाचा कोनाडा तेवढा त्यांनी उघडून दिला आणि त्याला गेरूची किनार काढली. ती पहिल्यासारखी सरळ आली नव्हती. ते गेले तेव्हा फागूचा मुलगा बोगद्यापासून धावत आला आणि त्यानं तिरडीला खांदा दिला. मी मागच्या बाजूला होतो. मला मामाजींची फार आठवण येते. दरेकशाला आमचं जाणं आता वर्षातून एखाद्या वेळेस होतं, आणि दर वेळी मी मनाशी ठरवून निघतो. फागूची बायको आता फार थकली आहे, कुणी बोललेलं तिला नीट ऐकू येत नाही, असं परवाच बाजारात कुणीतरी सांगितलं.